दोन आउटबोर्ड की एक इनबोर्ड? कोकणच्या पाण्यात वेगवान बोट घेणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मुंबई-मांडवा, मुरूड, दाभोळ, मालवण, गोवा या पट्ट्यात सात ते नऊ मीटरची वेगवान फायबर बोट घ्यायची म्हटलं की पहिला वाद इंजिनावरून होतो. एक जण म्हणतो दोन आउटबोर्डशिवाय (म्हणजे बोटीच्या मागे बाहेर टांगलेल्या इंजिनांशिवाय) समुद्रात जाऊच नको, दुसरा म्हणतो आत एक दणकट इंजिन बसव आणि निवांत हो. दोघंही सहसा आपापल्या बोटीची वकिली करत असतात. बोट रात्री कुठे उभी राहणार, तिच्याखाली पाणी किती असणार आणि बिघडली तर हात कोण घालणार, या तीन गोष्टी ठरल्या की इंजिनं किती हा प्रश्न बराचसा सुटलेला असतो. खालची उत्तरं त्याच अंगाने लिहिली आहेत.

इनबोर्ड म्हणजे नक्की कोणतं इंजिन?

लोक तीन वेगळ्या जुळण्यांना इनबोर्ड म्हणतात आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. पहिली सरळ शाफ्टची: इंजिन बोटीच्या मध्यावर, तिथून तिरका शाफ्ट तळातून बाहेर, टोकाला पंखा आणि पंख्यामागे सुकाणू. आपल्या मच्छीमार बोटींची जुळणी हीच. दुसरी व्ही-ड्राइव्ह: इंजिन मागच्या बाजूला उलटं बसवलेलं असतं आणि गिअरबॉक्समधून शाफ्ट पुन्हा मागे वळतो. तिसरी स्टर्नड्राइव्ह: इंजिन आत, ट्रान्समला म्हणजे मागच्या उभ्या फळीला चिकटून, आणि बाहेर आउटबोर्डसारखा खालीवर होणारा पाय. व्होल्वो पेंटाने १९५९ मध्ये ‘अ‍ॅक्वामॅटिक’ नावाने तो बाजारात आणला आणि पाठोपाठ मर्क्युरी कंपनीचं मर्क्रूझर आलं.

वेगवान बोटीच्या जाहिरातीत ‘सिंगल इनबोर्ड’ लिहिलेलं असेल तर तो बहुतेक वेळा स्टर्नड्राइव्हच निघतो. खाली इनबोर्ड म्हटलं की वेगळं सांगितलं नसेल तर तोच समजा.

वेगात कोण पुढे?

वेग ठरवतं ते वजन आणि ताकद यांचं प्रमाण. इंजिन आत आहे की बाहेर, ही नंतरची गोष्ट. पाण्यावर उचलून धावणाऱ्या बोटीचा ढोबळ हिशेब असा, की वेग हा अश्वशक्ती भागिले वजन याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. समजा माणसं, इंधन धरून २,००० किलोची बोट एका ३०० अश्वशक्तीच्या इंजिनावर ४० नॉट (ताशी सागरी मैल) जाते. तिला तसंच आणखी एक इंजिन लावलं तर वेग ८० होत नाही. वर्गमुळाच्या हिशेबाने तो ५६ च्या आसपास जायला हवा, पण दुसऱ्या इंजिनाचं २४० किलो वजन धरलं की ५३ वर येतो. पाण्यात आणखी एक पाय घासला जातो, त्याचं नुकसान वेगळंच. ताकद दुप्पट, पेट्रोल जवळजवळ दुप्पट आणि वाढलेला वेग तिसऱ्या हिश्शाहूनही कमी.

आता दोन आउटबोर्ड आणि एक स्टर्नड्राइव्ह समोरासमोर ठेवून बघू. मर्क्युरीचं १५० अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक साधारण २०६ किलोचं, म्हणजे जोडी ४१२ किलोची. साडेतीनशे अश्वशक्तीचा ६.२ लिटर पेट्रोल मर्क्रूझर पायासकट सव्वाचारशे ते साडेचारशे किलोच्या दरम्यान. म्हणजे वजनात फारसा फरक नाही. फरक आहे तो हे वजन कुठे बसतं यात.

दीडशेची दोन लावू की तीनशेचं एकच आउटबोर्ड?

हा पर्याय बरेच जण विसरतात, म्हणून इथे मुद्दाम घेतला आहे. एकूण ताकद तेवढीच असेल तर एक इंजिन जवळजवळ नेहमीच थोडं वेगवान, हलकं आणि स्वस्त पडतं. दीडशेच्या जोडीचं वजन तीनशेच्या एका इंजिनापेक्षा दीड-पावणेदोनशे किलो जास्त भरतं. सर्व्हिसिंगला गिअर ऑइल दोनदा, ऑइल फिल्टर दोन, पाण्याच्या पंपाचे इम्पेलर दोन. (स्पार्क प्लग मात्र तेवढेच: दीडशेची दोन चार-सिलिंडर घ्या किंवा तीनशेचं एक व्ही-८, आठ ते आठच.) जोडी घेण्यामागे वेग हे कारण असूच शकत नाही. कारण एकच उरतं आणि तोच पुढचा प्रश्न आहे.

एक इंजिन बंद पडलं तरी दुसरं घरी आणतं. हा दोन इंजिनांचा मोठा फायदा नाही का?

आहे, पण दुकानात सांगतात तेवढा नाही. पहिली गोष्ट: दोनपैकी एकच इंजिन चालू असताना बहुतेक बोटी पाण्यावर उचलल्या जात नाहीत. ताकद अर्धी होते आणि बंद इंजिनाचा पाय पाण्यात ओढ देत राहतो. शिवाय चालू इंजिनाचा पंखा चाळीस नॉटसाठी निवडलेला असतो, त्यामुळे ते इंजिन दमतं, त्याला पूर्ण फेरे घेताच येत नाहीत. शेवटी हाती येतात सात-आठ नॉट. गेटवे ते मांडवा जेमतेम आठ-नऊ सागरी मैल, म्हणजे तासाभराची गोष्ट. तेवढं चालतं. पण मुरूडच्या पुढे उघड्या समुद्रात दुपारचा खारा वारा सुटल्यावर सात नॉटने येणं हा फार वेगळा अनुभव असतो. बंद इंजिन वर उचलून ठेवलं तर थोडा फरक पडतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. समुद्रात इंजिन बंद पडायची कारणं बहुतेक वेळा इंजिनात नसतातच. पेट्रोलमध्ये पाणी, तुंबलेला फिल्टर, उतरलेली बॅटरी, गंजलेलं कनेक्शन, पाण्याच्या वाटेत अडकलेली प्लास्टिकची पिशवी. दोन्ही इंजिनं एकाच टाकीतून, एकाच फिल्टरमधून पीत असतील आणि एकाच बॅटरीवर सुरू होत असतील तर खराब पेट्रोल दोघांनाही पाच मिनिटांच्या अंतराने बंद पाडेल. मग दोन इंजिनांचे पैसे देऊन भरवसा एकाचाच मिळाला. जोडी घ्यायची तर टाक्या दोन, पाणी वेगळं करणारे फिल्टर दोन, बॅटऱ्या दोन आणि गरज पडल्यावरच जोडायचा स्विच एवढं हवंच. विकणारा ‘नंतर करून देतो’ म्हणाला तर ते आधीच करून घ्या.

आणि एकच इनबोर्ड असेल तर? मग ट्रान्समवर दहा-पंधरा अश्वशक्तीचं छोटं आउटबोर्ड, स्वतःच्या वेगळ्या डब्यातल्या पेट्रोलवर. चार-पाच नॉटने घरी येता येतं. दिसायला शोभत नाही म्हणून लोक लावत नाहीत. माझ्या मते, पेट्रोल वेगळं नसलेल्या जोडीपेक्षा हे छोटं इंजिन जास्त भरवशाचं.

लाटेत कोणती बोट बरी?

साधारणपणे वजन जितकं पुढे आणि खाली, तितकी बोट छोट्या आखूड लाटेत शांत. म्हणून सरळ शाफ्टची इनबोर्ड चालायला सर्वांत मऊ लागते. स्टर्नड्राइव्हचं वजन मागे असलं तरी ट्रान्समच्या आत आणि खाली असतं. आउटबोर्डचं वजन ट्रान्समच्या बाहेर आणि उंचावर. त्याने नाक हलकं राहतं, त्यामुळे सपाट पाण्यात वेग मिळतो, पण समोरच्या लाटेवर बोट आपटते.

खोल व्ही तळाच्या बोटींत आणखी एक बारकावा आहे. मध्यावर असलेलं एकच इंजिन तळाच्या सर्वांत खोल रेषेवर बसतं, त्याचा पंखा पाण्यात खोल राहतो. जोडीतली दोन्ही इंजिनं बाजूला सरकलेली असतात, तिथे तळ वर चढलेला असतो, म्हणून पंखे पृष्ठभागाच्या जवळ येतात. जोराच्या वळणात किंवा आडव्या लाटेत बाहेरच्या बाजूचा पंखा हवा पकडतो, फेरे एकदम चढतात आणि धक्का सुटतो. इंजिनाची उंची आणि पंख्याची निवड नीट असेल तर हे बरंच कमी होतं, पुरतं जात नाही.

मुळात बोटीचा तळ कोणत्या इंजिनासाठी आखला आहे हे आधी विचारा. १९६० मध्ये मियामी-नासाऊ शर्यत जिंकून बोट-रचनाकार रे हंट यांच्या खोल व्ही तळाने वेगवान बोटींचा नकाशाच बदलला. तोच तळ नंतर इनबोर्डसाठीही वापरला गेला आणि आउटबोर्डसाठीही, पण वजनाची जागा प्रत्येक वेळी नव्याने मांडून.

धक्क्याला लावताना दोन इंजिनं सोपी पडतात का?

हो. एक पुढे, एक मागे टाकलं की बोट जवळजवळ जागच्या जागी फिरते. पण दोन आउटबोर्डमध्ये अंतर जेमतेम पाऊण मीटरचं, त्यामुळे मोठ्या लाँचच्या दोन शाफ्टइतका जोर त्यात येत नाही. एकच स्टर्नड्राइव्ह घ्यायचा तर उलटसुलट फिरणाऱ्या दोन पंख्यांचा घ्या, म्हणजे व्होल्वोचा ड्युओप्रॉप किंवा मर्क्रूझरचा ब्राव्हो थ्री. रिव्हर्समध्ये तो सरळ जातो. सरळ शाफ्टची एक-पंखी बोट मागे घेताना एका बाजूला ओढतेच. मांडव्याच्या जेट्टीवर सुट्टीच्या दिवशी गर्दीत ती लावणं हे तांडेलाचं काम आहे, नवशिक्याचं नाही.

बोट वर्षातले सात-आठ महिने पाण्यातच राहणार आहे. मग?

मग स्टर्नड्राइव्ह घेऊ नका. एवढं सरळ उत्तर या पानावर दुसऱ्या कोणत्याही प्रश्नाला नाही.

कारण त्याचा पाय पूर्ण वर येत नाही. आउटबोर्ड काम झालं की उचलून पाण्याबाहेर ठेवता येतो. स्टर्नड्राइव्हचा खालचा भाग मुरिंगवर (बोट पाण्यात बांधून ठेवायच्या जागी) रात्रंदिवस कोमट खाऱ्या पाण्यात असतो. शंख-शिंपले चिकटतात, गंजापासून वाचवणारा झिंकचा तुकडा झिजतो, अ‍ॅल्युमिनियमला गंज धरतो. त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे ट्रान्सममधल्या भोकाला पाणीबंद ठेवणारे रबरी बेलोज. ते दर दोनेक वर्षांनी बदलायचे असतात आणि त्यासाठी बोट वर काढून पाय उतरवावा लागतो. शिंपल्यांच्या धारेने किंवा उन्हाने बेलोज फाटला आणि तळातलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाची बॅटरी उतरलेली असेल तर बोट मुरिंगवरच बुडते. त्यातच समुद्राचं पाणी थेट इंजिनात फिरणारी जुनी रचना असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काही वर्षांत आतून सडतात.

बोट ट्रेलरवर किंवा शेडमध्ये राहणार असेल, प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धुतली जाणार असेल तर हे सगळं बरंच हलकं होतं. तेव्हा स्टर्नड्राइव्हचा विचार करायला हरकत नाही. मागे पोहण्यासाठीचा सपाट फळा मोकळा मिळतो, आवाज कमी येतो, घरच्यांना तीच बोट आवडते.

खाडी, वाळूचे दांडे आणि जाळी?

मुंबई बंदरात उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक साडेचार-पाच मीटरपर्यंत जातो. मालवण-गोव्याकडे तो दोन मीटरच्या आसपास. धरमतर, कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, सगळ्या खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे आहेत आणि पावसाळ्यानंतर ते जागा बदलतात. अशा पाण्यात पाय अर्धा उचलून हळू जाता येणं हे सोनं आहे. आउटबोर्डला ते सर्वांत चांगलं जमतं, स्टर्नड्राइव्हला थोडंफार, सरळ शाफ्टला अजिबात नाही. तिथे आधी पंखा वाकतो, मग शाफ्ट, मग त्याचा आधार.

जाळ्याचंही तेच. नायलॉनची दोरी पंख्यात गेली तर आउटबोर्ड वर उचलून मागून वाकून कापता येते. शाफ्टच्या बोटीला कुणीतरी सुरी घेऊन खाली बुडी मारायची. रात्री किंवा ओढीच्या पाण्यात ते काम कुणावर येऊ नये.

पेट्रोल की डिझेल?

वेगवान आउटबोर्ड म्हणजे जवळजवळ नेहमी पेट्रोल. आपल्याकडे त्यात दोन अडचणी आहेत. बहुतेक जेट्टींवर पेट्रोलचा पंप नसतो, कॅन भरून न्यावे लागतात. आणि आता पंपावरचं साधं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे, तर बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तिकांत १० टक्क्यांपर्यंतचीच परवानगी असते. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. प्रमाण वाढलं की पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात, आणि इंजिन तळातूनच पितं. उपाय: बोटीत पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नका, दहा मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा, तो वेळेवर बदला, रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या. पावसाळ्यासाठी बोट बंद करताना काय करायचं हे इंजिनाच्या पुस्तिकेप्रमाणेच करा. पेट्रोल स्टर्नड्राइव्हलाही हेच सगळं लागू.

डिझेल इनबोर्डला ही कटकट नाही. डिझेल बंदरात मिळतं, आगीची भीती कमी आणि पिणंही कमी. पूर्ण वेगात पेट्रोल इंजिन एका अश्वशक्तीला तासाला साधारण एक तृतीयांश लिटर घेतं, डिझेल एक पंचमांशाच्या आसपास. तीनशे अश्वशक्तीला तासाला शंभर लिटर विरुद्ध साठ. पण किंमत आणि वजन! व्होल्वो पेंटाचं ३०० अश्वशक्तीचं डी-४ पायासकट सातशे किलोच्या घरात जातं, म्हणजे दीडशेच्या जोडीपेक्षा जवळजवळ तीनशे किलो जास्त. रोजच्या फेऱ्या मारणाऱ्या धंद्याच्या बोटीला ते परवडतं. वर्षातले थोडे रविवार फिरणाऱ्याला नाही.

इंजिन आत असेल तर आग लागायची भीती जास्त का?

पेट्रोल इनबोर्डला हो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळात साठते. इंजिन सुरू करण्याआधी ब्लोअर किमान चार मिनिटं चालवायचा, झाकण उघडून वास घ्यायचा, मगच किल्ली. आत बसवलेला स्टार्टर, अल्टरनेटर ठिणगी बाहेर न टाकणारा सागरी बनावटीचाच हवा. गाडीचा स्वस्त सुटा भाग तिथे बसवणारा मिस्त्री बदला. आउटबोर्ड उघड्यावर असतो म्हणून तिथे हा धोका फार कमी, मात्र डेकखालची टाकी आणि नळ्या तपासायच्या असतातच.

दुरुस्ती कोण करणार?

कोकणच्या कोणत्याही बंदरात सहा सिलिंडरचं डिझेल उघडणारा मिस्त्री सापडतो, कारण मच्छीमार बोटींवर तीच इंजिनं असतात. नव्या आउटबोर्डला मात्र कंपनीची केबल लावून बिघाडाचा कोड वाचावा लागतो आणि तो माणूस बहुधा मुंबई, पुणे किंवा गोव्याहून येतो. पेट्रोल स्टर्नड्राइव्हची अवस्था सर्वांत वाईट. इंजिन अमेरिकन, पाय वेगळाच, दोन्ही जाणणारे मोजके.

आउटबोर्डच्या बाजूने एक गोष्ट आहे: साखळीच्या कप्पीने उतरवून टेम्पोत घालून थेट वर्कशॉपला नेता येतो. आतलं इंजिन बोटीतच वाकून, घामाघूम होऊन दुरुस्त करावं लागतं. जोडी घेताना दोन्ही इंजिनं एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची आणि एकाच वर्षाची घ्या. इव्हिनरूडसारखं नावाजलेलं नाव २०२० मध्ये बंद झालं, तेव्हा सुटे भाग आज मिळतात का आणि कुणाकडे, हे बोट बघण्याआधी विचारा.

पंखा कसा निवडायचा?

पूर्ण थ्रॉटलला, नेहमीच्या माणसांसह, इंजिन पुस्तिकेत दिलेल्या फेऱ्यांच्या वरच्या टोकाला पोचलं पाहिजे. उदाहरण: ५,८०० फेरे, गिअरचं प्रमाण १.७५, पंख्याची पिच (एका फेऱ्यात पंखा कागदावर जेवढा पुढे सरकतो ते अंतर) १९ इंच. कागदावर ताशी ६० मैल निघतात. दहा टक्के घसरण धरली तर ५४, म्हणजे साधारण ४७ नॉट. प्रत्यक्षात ३८ च येत असतील तर पंखा, इंजिनाची उंची किंवा तळावरची शेवाळ यांपैकी काहीतरी बिघडलंय. पिच एक इंचाने कमी केली की फेरे साधारण दीड-दोनशेने वाढतात. जोडीत एक पंखा उजवा, एक डावा हवा.

जुन्या स्टर्नड्राइव्ह बोटीचं इंजिन काढून दोन आउटबोर्ड लावले तर?

परदेशात हे खूप चालतं, आपल्याकडेही विचारणा वाढली आहे. ट्रान्सम मजबूत करावा लागतो, भोक बुजवावं लागतं आणि बहुधा मागे इंजिन टांगायचा ब्रॅकेट येतो. ब्रॅकेटमुळे वजन आणखी अर्धा मीटर मागे जातं. बोट उभी असताना मागचा भाग बसतो, डेकवरचं पाणी बाहेर टाकणारी भोकं पाण्याखाली जातात आणि पाणी उलटं आत येतं. ब्रॅकेट तरंगणारा, बंद पेटीचा असेल तर यातलं बरंच टळतं. वजनाचा हिशेब कागदावर मांडून दाखवणाऱ्याकडूनच करून घ्या. एका तीनशेच्या आउटबोर्डने काम होत असेल तर इथे जोडीचा हट्ट धरू नका.

धरणाच्या पाण्यात वॉटर स्कीसाठी?

सरळ शाफ्टचं एक इनबोर्ड. स्कीला लाट लहान लागते, ती मध्यावरच्या वजनाने मिळते, आणि पंखा बोटीखाली असल्याने पाण्यातल्या माणसाला धोका कमी. मास्टरक्राफ्ट, नॉटिक यांच्या बोटी याच कारणाने तशा असतात. वेकबोर्डला उलट मोठी लाट हवी, तिथे व्ही-ड्राइव्ह.

नोंदणीत इंजिनांच्या संख्येने फरक पडतो का?

नोंदणी दोन्हीला लागतेच. महाराष्ट्रात सागरी मंडळाकडे, गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे. इंजिनांचे क्रमांक कागदांवर असतात, म्हणून इंजिन बदललं तर कागदही बदलून घ्यावे लागतात. विम्याच्या दाव्यात हीच गोष्ट नडते.

मग तुमचं मत?

मुंबई-अलिबाग आणि खाली मालवणपर्यंत हौसेने फिरायचं, बोट मुरिंगवर: दोन आउटबोर्ड, इंधन आणि बॅटऱ्या पूर्ण वेगळ्या. बंदराच्या आतच फिरायचं आणि बजेट बेताचं: एक मोठं आउटबोर्ड आणि एक छोटं सोबतीला. रोज भाडं मारायचं, तासांचे तास: एक डिझेल, जमलं तर सरळ शाफ्टचं. ट्रेलरवरची कुटुंबाची बोट, घरी गोडं पाणी आणि शेड: एक स्टर्नड्राइव्ह, खुशाल. फक्त मागे दोन इंजिनं रुबाबदार दिसतात म्हणून जोडी घ्यायची असेल तर तेही घ्या, पण मग त्याला सुरक्षितता म्हणू नका.

ट्रायलमध्ये काय बघू?

सकाळच्या सपाट पाण्यावर भाळू नका, दुपारी वारा सुटल्यावर न्या. माणसं आणि पेट्रोल पूर्ण भरून न्या. जोडी असेल तर एक इंजिन बंद करून वर उचला आणि दुसऱ्यावर बोट किती नॉट जाते ते जीपीएसवर बघा. विकणारा इथे बहुतेक वेळा विषय बदलतो. एका बाजूची टाकी बंद करून दुसरं इंजिन चालू राहतं का तेही बघा. इनबोर्ड असेल तर वीस मिनिटं पूर्ण वेगात पळवून झाकण उघडा: डिझेलचा किंवा पेट्रोलचा वास, बेल्टची काळी भुकटी, बेलोजवर भेगा, तळात खारं पाणी.

आणि ट्रायल लाँचच्या वाटेपासून लांब घ्या. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची बोट ‘नीलकमल’ या प्रवासी लाँचवर आदळली आणि लाँच उलटली. इंजिनातल्या बिघाडामुळे ताबा सुटल्याचं नौदलाने सांगितलं होतं. किल स्विचची दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधलेली हवी, आणि ती ओढल्यावर जोडीतली दोन्ही इंजिनं बंद होतात का, हे धक्का सोडण्याआधीच ओढून बघा. काही जुन्या बोटींत ती एकाच इंजिनाला जोडलेली असते.